मांजराच्या डोळ्यांत माणसाचे थेंब नकोत

आपल्या वस्तीत मांजर कोणी विकत आणत नाही. उंदीर-घुशींच्या मागे ते येते, पोरांच्या हातचा भाकरीचा तुकडा खाते आणि बघता बघता घरचे होऊन जाते. मग एखाद्या सकाळी त्याचा डोळा चिकटलेला दिसतो. पाणी गळते, पिवळी घाण येते. अशा वेळी मागच्या साथीत घरात डोळे आले होते तेव्हाची उरलेली थेंबांची बाटली शोधली जाते आणि तीच मांजराच्या डोळ्यांत रिकामी होते. आरोग्य तपासणीसाठी घरोघरी फिरताना आम्ही हे अनेकदा पाहतो. करणाऱ्याच्या मनात माया असते, पण अशा एका बाटलीने मांजराचा डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून या वेळी हा विषय.

मांजराचे डोळे का येतात?

माणसांत डोळ्यांची साथ बहुधा ज्या विषाणूंमुळे येते, ते मांजरांचे नव्हेत. मांजरांमध्ये मुख्य कारण असते मांजरांचा हर्पिस विषाणू. त्याच्यासोबत शिंका, वाहते नाक आणि तापही येतो. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर दबून राहतो. उपासमार, बाळंतपण, जागा बदलणे असा ताण आला की पुन्हा डोके वर काढतो. दुसरे कारण क्लॅमायडिया नावाचे जिवाणू. याशिवाय भांडणातला ओरखडा, डोळ्यांत गेलेला कचरा, चुलीचा धूर ही कारणे आहेतच. बाहेरून सगळे डोळे सारखेच लाल दिसतात, औषध मात्र प्रत्येकाचे वेगळे असते.

बाटलीत काय असते?

डोळ्यांच्या पुष्कळ थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी नाव असेल तर ती स्टेरॉइडची बाटली समजा. अक्षरे बारीक असतात, घरातल्या शिकत्या मुलामुलीकडून वाचून घ्या.

स्टेरॉइडने लाली पटकन उतरते आणि आपल्याला वाटते गुण आला. पण हर्पिसमुळे किंवा ओरखड्यामुळे बुबुळावर जखम असेल, तर स्टेरॉइड ती भरू देत नाही आणि विषाणूला मोकळे रान मिळते. जखम खोल जाते, बुबुळाला भोक पडू शकते. काही वेळा हे दोन-तीन दिवसांत घडते.

म्हणूनच पशुवैद्य आधी डोळ्यांत एका खास रंगाची पट्टी लावून पाहतात. जखम असेल तेथे हिरवा डाग उमटतो. ही तपासणी काही मिनिटांत होते. ती झाल्याशिवाय स्टेरॉइड घालायचे नाही. पशुवैद्य कधी कधी माणसांच्या मेडिकलमध्ये मिळणारेच प्रतिजैविक लिहून देतात, पण ते जखम तपासून, मांजराचे वजन आणि वय पाहून.

डोळा दुखतो म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. एका गोळीने जीव जाऊ शकतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही नको. बोरिक पावडर, मध, चहाचे पाणी, अंगावरचे दूध हेही डोळ्यांत घालू नका.

घरी औषध घालताना

१. आधी साबणाने हात धुवा.
२. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवा. चिकटलेली घाण ओढू नका, मऊ होऊ द्या. नाकाकडून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या.
३. मांजराला जुन्या टॉवेलात गुंडाळा, फक्त डोके बाहेर ठेवा. एकाने धरावे, दुसऱ्याने औषध घालावे.
४. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नका. मलम असेल तर खालची पापणी किंचित ओढून तांदळाच्या दाण्याएवढे सोडा.
५. दोन औषधे असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्या. थेंब आधी, मलम नंतर.
६. मांजर पंजाने डोळा खाजवत असेल तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मची कड कापडाने मऊ करून गळ्याभोवती कॉलर बांधा.

डोळा बरा दिसला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. क्लॅमायडियासाठी पशुवैद्य बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात. ते साधारण चार आठवडे चालते आणि घरातल्या सगळ्या मांजरांना द्यावे लागते. ही गोळी कोरडी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. गोळीनंतर सिरिंजने हळूहळू पाच-सहा मिली पाणी पाजा. उघडलेली थेंबांची बाटली महिन्यानंतर टाकून द्या.

त्याच दिवशी दवाखान्यात न्या

मांजर डोळा उघडतच नसेल, बुबुळावर पांढुरके किंवा निळसर फूल दिसत असेल, डोळ्यातून रक्त येत असेल, दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसत असतील किंवा मांजर खात नसेल, तर उद्यावर टाकू नका. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. त्याआधीच मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला तर आत पू साठलेला असतो. तो सोडवावा लागतो, नाहीतर पिल्लू आंधळे होते.

घरातल्या माणसांनी

मांजराच्या डोळ्यांचे बहुतेक रोग माणसाला लागत नाहीत. क्लॅमायडिया क्वचित लागू शकतो, म्हणून औषध घातल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना त्या मांजराचे तोंड चेहऱ्याजवळ नेऊ देऊ नका. औषध घालताना ते चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात जा. तिथे ती मोफत मिळते.

कुठे न्यायचे?

खासगी दवाखान्याची फी आपल्याला झेपत नाही, हे आम्ही जाणतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी असतात असा समज आहे, पण तिथे मांजरही दाखवता येते. मुंबईत परळला बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मांजर झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात न्या आणि आधी घातलेल्या औषधाची बाटली सोबत ठेवा. लाजू नका, काय घातले ते सांगा. उपचार त्यावर ठरतो.

त्याच फेरीत तिहेरी लसीची चौकशी करा. तिच्यात हर्पिसवरची लसही असते. ती सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लापासून सुरू होते. लसीने रोग अगदी टळतोच असे नाही, पण झाला तरी सौम्य होतो.

आणि आज एक काम करा. फडताळातली थेंबांची उरलेली बाटली काढा, तारीख पाहा आणि टाकून द्या. ती मांजरासाठी नाही आणि पुढच्या वेळी घरातल्या पोरांसाठीही नाही.