मनगट उचललं की बोटं मिटतात

उजवा हात समोर धरा. मनगट सैल सोडा, पंजा खाली लोंबू द्या. बोटं आपोआप उघडतील. आता बोटांकडे अजिबात लक्ष न देता फक्त मनगट वर उचला. बोटं आत वळू लागतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला येऊन टेकतो. ती तुम्ही मिटलेली नाहीत. बोटं वाकवणाऱ्या कंडरा मनगटावरून पुढे गेलेल्या असतात. मनगट मागे झुकलं की त्या ताणल्या जातात आणि बोटांना ओढून घेतात.

पहिल्या वर्षाला शवविच्छेदनाच्या टेबलावर या कंडरांची नावं मी घोकली होती. त्यांची किमया कळली ती इंटर्नशिपमध्ये, पुनर्वसन विभागात. झाडावरून पडून मानेला मार बसलेला एक तरुण तिथे होता. मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली की पातळीगणिक नशीब बदलतं. पाचवी पातळी शाबूत असली तर कोपर वाकवता येतं. सहावी वाचली तर मनगट उचलता येतं. सातवी वाचली तर कोपर ताठ करून, हातांवर भार देऊन माणूस खाटेवरून व्हीलचेअरवर सरकू शकतो. या तरुणाची सहावी वाचली होती, बोटांत मात्र हालचाल नव्हती. त्याने मनगट उचललं आणि अंगठ्याच्या चिमटीत चमचा धरला!

त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढची. एरवी सांधे आखडू नयेत म्हणून केवढी धडपड चालते. अशा हाताला व्यायाम देताना मात्र मनगट आणि बोटं एकाच वेळी कधीच पूर्ण सरळ करत नाहीत. कंडरा थोड्या आखूडच राहू देतात, कारण त्या सैलावल्या तर चिमूट जाते. माहितीविना, निव्वळ मायेपोटी घरच्यांनी बोटं ओढून ओढून सरळ केली, तर हातात उरलेली एकमेव पकडही जाऊ शकते.

पुनर्वसनाच्या या वैद्यकीय शाखेचं नाव फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, बोलण्यात पीएमआर. नीट, साडेचार वर्षांचं एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, पुन्हा नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एमडी, एवढी ही वाट. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हीच वाट धरणार म्हटल्यावर आईने विचारलं, "म्हणजे ऑपरेशन नाही करणार का गं तू?" मी तिला डॉ. मेरी वर्गीस यांची गोष्ट सांगितली.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या या तरुण डॉक्टर १९५४मध्ये मोटार अपघातात सापडल्या आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. तिथेच डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. चालत्या स्नायूची कंडरा सोडवून ती निकामी झालेल्या स्नायूच्या कामाला जुंपायची, अशी ती पद्धत. हे काम बसूनही करता येतं, आणि मेरी वर्गीस ते व्हीलचेअरवरून करू लागल्या. पुढे ऑस्ट्रेलियात आणि न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडे पुनर्वसनाचं शिक्षण घेऊन त्या वेल्लोरला परतल्या. १९६६मध्ये तिथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. आपल्या मुंबईत हाजी अलीला अशी राष्ट्रीय संस्था १९५५पासून आहे, आणि तिच्यासमोरून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना आत काय चालतं याची कल्पना नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

एके काळी मज्जारज्जूला इजा झालेली बहुतेक माणसं पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविलला १९४४पासून डॉ. लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा आग्रह धरला, रात्रीसुद्धा. जगण्या-मरण्यातला फरक एवढ्याशा गोष्टीत दडलेला होता. आजही वॉर्डात नातेवाइकांना पहिल्यांदा हेच शिकवलं जातं.

आणि मग रुग्णाच्या घराविषयी प्रश्न विचारले जातात. उंबरठा किती उंच? संडास घरात की परसात? पाणी कुठून आणता? कॉलेजात इंग्रजी पुस्तकांपुढे दबून बसणारी मी इथे न अडखळता बोलू लागले, कारण असल्याच घरात वाढले होते. जेवायला जमिनीवर मांडी घालावी लागते, पावसात अंगणाचा चिखल होतो, व्हीलचेअरची पुढची लहान चाकं त्यात रुततात, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. त्या तरुणाच्या वडिलांनी ओटा दोन फूट उंच असल्याचं सांगितलं, तेव्हा आम्ही कागद पुढे ओढला. व्हीलचेअरच्या उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते, म्हणजे इथे चोवीस फूट. अंगण पंधरा फुटांचं. उतार मध्ये वळवून घ्यायचा ठरला, आणि वळणावर खुर्ची फिरेल एवढी, पाच फूट लांब-रुंद सपाट जागा सोडायची.