सावळा रंग कागदावर उतरताना

पैठणीचा जांभळा छापताना थोडा निळ्याकडे झुकला तर घरात कोणी काही बोलत नाही. झेंडू जास्त केशरी आला तरी चालून जातो. पण आजीच्या गालावर हिरवट झाक आली किंवा बाळाचा चेहरा उन्हातून आणल्यासारखा लालबुंद निघाला, की फोटो हातात घेणारा लगेच थबकतो. आजारपण, थकवा, लाज, राग हे सगळं आपण चेहऱ्याच्या रंगावरून ओळखत आलो आहोत. म्हणून तिथली चूक लपत नाही.

ही चूक इतक्या सहज का होते, ते शाईच्या प्रमाणावरून कळतं. माणूस गोरा असो, गव्हाळ असो की सावळा, त्याच्या कातडीचा मूळ रंग लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका अरुंद पट्ट्यात येतो. छपाईवाले ढोबळ नियम सांगतात तो असा: पिवळा मॅजेंटाइतका किंवा त्याहून थोडा जास्त, आणि सायन मॅजेंटाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. वर्ण सावळा होत जाईल तसा सायन आणि काळ्याचा वाटा वाढतो. हे प्रमाण जरासं ढळलं तरी चेहरा परका दिसू लागतो.

अशा वेळी बहुतेक जण फोटो उघडून लाल कमी, पिवळा जास्त असे बदल करत बसतात. मला ते मुळीच पटत नाही. आधी चूक फोटोत आहे की छपाईत, ते ठरवावं. त्यासाठी एखादा कृष्णधवल फोटो, ज्यात राखाडीच्या बऱ्याच छटा आहेत असा, रंगीत शाईच्या सेटिंगवर छापून पाहावा. राखाडी स्वच्छ आली आणि तरीही चेहरे बिघडत असतील, तर दोष बहुधा फोटोत आहे. राखाडीच गुलाबी किंवा हिरवट आली, तर फोटोला हात लावू नका; गडबड पुढे, प्रिंटरकडे आहे.

प्रिंटरकडे गडबड असेल तर पहिली तपासणी नोझल चेकची. सहा रंगांच्या टाकीवाल्या काही प्रिंटरमध्ये सायन आणि मॅजेंटाच्या फिक्या शायाही वेगळ्या असतात. गाल, कपाळ, नाकाचा शेंडा असे उजळ भाग मुख्यतः याच फिक्या शायांनी छापले जातात, कारण गडद शाईचे ठिपके तिथे रवाळ दिसले असते. फिक्या मॅजेंटाची छिद्रं बुजली की लाल साडी पूर्वीसारखीच झळकते, काळी अक्षरं ठसठशीत येतात आणि चेहरा तेवढा हिरवट पडतो. प्रिंटर ठीक आहे असं वाटून माणूस भलतीकडेच शोधत राहतो. नोझल चेकच्या नमुन्यात रेघ तुटलेली दिसली तर एकदा-दोनदा हेड क्लीनिंग करावं, तेवढ्याने भागलं नाही तर काही तास थांबून पुन्हा. लागोपाठ करत सुटलं तर शाई वाया जाते आणि ती शोषणारा पॅड भरत जातो. त्यापेक्षा दर आठवड्याला एक छोटं रंगीत पान छापत राहावं.

छिद्रं मोकळी असूनही राखाडी बिघडत असेल, तर पुढचा संशय सगळ्यात दाट: रंग दोनदा बदलला जातो आहे. प्रत्येक यंत्राने आपला रंग कसा सांगावा याचे नियम ठरवायला १९९३ मध्ये अडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांनी मिळून इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन केलं. त्यातून आलेली आयसीसी प्रोफाइल म्हणजे ठरावीक प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या जोडणीत कोणता रंग कसा उमटतो याची नोंद. फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर ही नोंद वाचून रंगांचे आकडे बदलून पाठवतं. प्रिंटरच्या ड्रायव्हरला हे ठाऊक नसतं, म्हणून तो आपल्या परीने ते पुन्हा सुधारतो. परिणाम बहुतेकदा एकच, चेहरे लालसर-गुलाबी. दोघांपैकी एकानेच रंग सांभाळावा. सॉफ्टवेअरकडे काम दिलं असेल तर एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’, कॅननमध्ये ‘मॅचिंग’च्या जागी ‘नन’ निवडायचं. कागदाची प्रोफाइल हाताशी नसेल तर उलट करावं: सॉफ्टवेअरला ‘प्रिंटर मॅनेजेस कलर्स’ सांगून मोकळं व्हावं. मात्र दोघांनीही हात काढून घेतले, तरी रंग चुकतोच.

कागदाचं नाव ड्रायव्हरमध्ये नीट निवडणं याच कामात मोडतं. बाजारात मिळणारा १८० जीएसएमचा चकचकीत कागद घालून सेटिंग ‘प्लेन पेपर’वर राहिलं, तर शाईचं प्रमाणच चुकतं. टाकीत दुसऱ्या कंपनीची शाई भरली असेल तर मूळ प्रोफाइलवर विसंबू नये. ती वेगळ्या शाईसाठी बनवलेली असते.

चेहरे काळवंडले अशी तक्रार असेल तर मात्र प्रिंटरला दोष देण्याआधी मॉनिटर पाहावा. छपाईसाठी पडद्याचा उजेड चौरस मीटरला साधारण ८० ते १२० कॅन्डेला असावा असं मानतात, आणि घरोघरी लॅपटॉप त्याच्या कितीतरी वर चालू असतो. त्या झगझगाटात नीट दिसलेला चेहरा कागदावर अंधारात जाणारच. नाइट लाइट चालू असेल तर पडदा पिवळसर असतो, आणि त्यावर विसंबून केलेला बदल चेहरा निळसर करतो. प्रिंटही संध्याकाळी दिव्याखाली पारखू नये. बऱ्याच स्वस्त एलईडी दिव्यांच्या उजेडात गडद लाल कमी असतो, त्यामुळे चांगला छापलेला चेहराही निस्तेज वाटतो. दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन नसेल तिथे, आणि शाई सुकायला काही तास गेल्यावर बघावं.

दोष फोटोतच असेल तर तो बहुधा उजेडाचा. हळदीच्या कार्यक्रमात मांडव पिवळा, कपडे पिवळे, अंगावर हळद. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हा सगळा पिवळा जास्त समजून निळ्याकडे ओढतो आणि उरलेले चेहरे राखेसारखे दिसतात. हिरव्या कापडाच्या मांडवाखाली चेहऱ्याच्या काही भागांवर हिरवा उजेड साचतो. असे डाग जागच्या जागी काढावेत, सगळ्या फोटोचा रंग फिरवून नव्हे.

आणखी एक शक्यता फाइलची: फोटो अडोबी आरजीबी या रंगपद्धतीत साठवला असेल आणि छापणारं सॉफ्टवेअर तो एसआरजीबी या दुसऱ्या पद्धतीतला समजून वाचत असेल, तर चेहरे फिके, रक्त उतरल्यासारखे येतात. घरच्या छपाईसाठी एसआरजीबीत रूपांतर करून ठेवलेली प्रत पुरते.

आता मला ज्याची सगळ्यात काळजी वाटते ते सांगतो. कोडॅकने विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ पाठवली. त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिचा रंग बरोबर आला की छपाई बरोबर, असं ठरलेलं. माध्यम-अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात दाखवलं, की गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी केल्यावर त्याकडे लक्ष दिलं गेलं. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं त्यानंतर आली.

आपल्या घरात हे मोजमाप वेगळ्या रूपात जिवंत आहे. मोबाइलचा ब्यूटी मोड सावळी मुलगी परस्पर उजळ करतो, छापणाराही ‘थोडं ब्राइट करू का?’ विचारतो, आणि घरचे हो म्हणतात. हे दुरुस्तीच्या नावाखाली त्या मुलीचा चेहरा बदलणं आहे. सावळ्या कातडीत तांबूस, मधाळ, जांभळट अशा कितीतरी छटा असतात. उजेड वाढवला की त्या आधी जातात आणि उरतो तो सपाट, राखी पिवळा. म्हणून ब्यूटी मोड बंद ठेवूनच फोटो काढावा. आणि घरातला सगळ्यात गोरा आणि सगळ्यात सावळा माणूस शेजारी शेजारी उभे असलेला, दिवसाउजेडी काढलेला एक फोटो टेस्ट प्रिंटसाठी कायमचा राखून ठेवावा. नवा कागद किंवा नवी शाई आणली की तोच छापावा आणि दोन्ही चेहरे पाहावेत. उरलासुरला फरक काढायचा असेल तर एका कागदावर त्याचेच चार-पाच छोटे तुकडे, प्रत्येकात मॅजेंटा किंवा पिवळा थोडासा बदलून, शेजारी छापावेत. दोन्ही चेहरे ज्या तुकड्यात खरे वाटतील त्याचं सेटिंग त्या कागदाच्या पाकिटावर पेनाने लिहून ठेवावं.