अंकांचे स्वभावधर्म

घोड नदीच्या काठचें शिरूर व भीमेच्या काठचें दौंड, ह्या दोन्ही गांवांच्या बाजारांत हिशेब तोंडीं करणारीं माणसें पुष्कळ. गणिताचे कांहीं नियम त्यांच्या अंगवळणीं पडलेले असतात. शालेय पुस्तकांत त्या नियमांना क्रमनिरपेक्षता, साहचर्य व वितरण अशीं भारदस्त नांवें आहेत. तीं ऐकून मूल बिचकतें आणि घरचीं वडील माणसें गप्प बसतात. वास्तविक हे नियम घरांतच शिकवितां येण्याजोगे आहेत. आणि त्यांचें मर्म न कळतां केलेली घोकंपट्टी बीजगणिताच्या उंबरठ्यावर हटकून अडखळते.

कांद्याच्या गोण्यांच्या ६ रांगा लावल्या, दर रांगेंत ८ गोण्या. बाजूनें पाहिलें तर त्याच ८ रांगा, दर रांगेंत ६. गोणी एकही हालली नाहीं, पाहणाराच सरकला! हीच क्रमनिरपेक्षता. ज्यास ‘सहा आठे’ येतें त्यास ‘आठ सक’ निराळें घोकण्याचें कारण नाहीं.

तीन संख्यांपैकीं कोणतीही जोडी आधीं गुणावी, फळ तेंच, हें साहचर्य. २५, १७ व ४ ह्यांचा गुणाकार करतांना क्रम बदलून २५ व ४ आधीं घेतले कीं १०० होतात. मग १७०० हें उत्तर तोंडांतच असतें.

मात्र ही मोकळीक बेरजेस व गुणाकारास आहे. वजाबाकीस व भागाकारास नाहीं. पट्टीच्या १०,००० रुपयांतून हमालीचे ४०० व तोलाईचे १०० वजा केले तर हातीं ९,५०० येतात. पण कोणी आधीं ४०० मधून १०० वजा करून उरलेले ३०० तेवढे १०,००० मधून काढील, तर उत्तर ९,७०० येईल. कंस चुकला कीं २०० रुपयांचा फरक पडतो.

सर्वांत उपयोगी नियम वितरणाचा. ५२ किलोंच्या १८ गोण्यांचें वजन काढावयाचें आहे. १८ म्हणजे २० उणे २. म्हणून १,०४० मधून १०४ वजा करावे. ९३६ किलो झाले. आपल्या आजोबांची सवायकी तरी दुसरें काय होती? सोळा सवाया वीस, म्हणजे १६ आणि त्यांचा पाव ४. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ नीं गुणण्याचें उदाहरण आहे. तेथें १२ चे ८ व ४ असे खंड करावे, १० व २ असे करावे, किंवा ३ नीं व मग ४ नीं गुणावें, अशा वाटा दाखविल्या आहेत. सर्व वाटांनीं उत्तर १,६२० च. खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला होता.

‘बावन्न’ म्हणावें कीं ‘पन्नास दोन’, हा वाद २०१९ सालीं महाराष्ट्रांत गाजला. नांव कोणतेंही घ्या. ५२ मध्यें ५० आणि २ स्पष्ट दिसणें महत्त्वाचें, कारण वितरणाचा नियम त्या फोडीवरच चालतो. म्हणून मुलास उत्तर विचारून थांबूं नये. तें कोणत्या वाटेनें काढलें, हें विचारावें. दुसरी वाट त्यास आपण होऊन सांपडली, कीं तें गणित खरोखर त्याचें झालें असें समजावें.