ससा कुत्र्याच्या मागे काऊन लागला? दंतकथेवरचा निबंध शिकवताना

आजचा विषय तसा लहान आहे, पण सातवी-आठवीला मराठी शिकवणाऱ्या सगळ्यांना तो छळतो. मुलांना दंतकथा, पुराणकथा माहीत असतात, घडाघडा सांगताही येतात. पण ‘या कथेवर विचार करून निबंध लिहा’ म्हटलं, की मूल तीच कथा पुन्हा लिहितं आणि शेवटी एक ओळ चिकटवतं : ‘यावरून आपल्याला असा बोध मिळतो की...’ अमरावती-अकोल्याकडच्या वर्गांत आम्ही हेच पाहत आलो. यात दोष मुलांचा नाही. आत्मवृत्त, वर्णन, कल्पना असे निबंध आपण शिकवतो. कथेचं विश्लेषण कसं करायचं, हे मात्र सांगायचंच राहून जातं.

सुरुवात छोट्या कथेपासून करू. अकोल्याचं नाव अकोलसिंग नावाच्या रजपूत सरदारावरून पडलं, असं सांगतात. त्याला इथे एक ससा चक्क कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. त्याने तो शुभशकुन मानला आणि वस्तीभोवती मातीची भिंत घातली. झाली कथा. मुद्दाम एवढीशी निवडायची, म्हणजे ती पुन्हा सांगून पान भरत नाही.

वर्गात पहिला प्रश्न हमखास येतो : हे खरंच घडलं का? एकदा एका मुलीने विचारलं, “मंग माही आजी खोटं सांगते का?” आम्ही अडखळलो. ‘हो’ म्हटलं तर आजी खोटी ठरते, ‘नाही’ म्हटलं तर विचार तिथेच थांबतो. तेव्हापासून आम्ही प्रश्नच बदलला. ‘घडलं का’ हे बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, ‘कथा हे काऊन सांगते?’ ‘काऊन’ म्हणजे का. हा आपल्या वऱ्हाडीतला रोजचा शब्द आहे, आणि निबंधाची गाडी त्याच्यावरच चालते.

ससा भित्रा, कुत्रा शिकारी. मग इथे उलटं काऊन झालं? मुलं म्हणतात, जागेतच जोर असंल. मग त्याच जागी भिंत काऊन घातली? कारण इथे दुबळाही मागे हटत नाही, असं सरदाराला वाटलं. आता मुलाच्या हातात एक वाक्य आलं : ‘ही कथा अकोल्याच्या मातीला धाडसी ठरवते.’ हे वाक्य कथेत कुठेच नाही, ते मुलाचं आहे. त्याला आम्ही ‘म्हणणं’ म्हणतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे ‘कथा म्हणते’, उजवीकडे ‘मी म्हणतो’. उजवी बाजू कोरी राहिली, तर निबंध अजून सुरूच झालेला नाही.

आता बांधणी. पाच परिच्छेद पुरतात.

पहिल्यात कथा तीन ओळींत सांगायची आणि म्हणणं एका ओळीत मांडायचं. दुसऱ्यात कथेतलाच पुरावा द्यायचा : प्राणी कोणते, कोण कुणामागे धावतं, पाहणारा पुढे काय करतो. प्रत्येक वाक्यानंतर बाकावरच्या जोडीदाराने ‘काऊन?’ विचारायचं. उत्तर आलं नाही, तर ते वाक्य खोडायचं.

तिसऱ्यात तुलना. कुत्र्यांवर उलटणाऱ्या सशाची अशीच कथा विजयनगरच्या स्थापनेबद्दल सांगतात, आणि अहमदाबादबद्दलही. हे कळलं की मुलं जरा हिरमुसतात : “म्हंजे आपली गोष्ट कॉपी हाय?” तसं नाही. उलट म्हणणं पक्कं होतं. तीन वेगवेगळ्या शहरांना आपल्या जन्माबद्दल हीच कथा सांगावीशी वाटली, तर ती सशापेक्षा शहराबद्दलच जास्त बोलत असणार.

चौथा परिच्छेद ‘पण’ने सुरू करायचा, आणि खरा कस इथेच लागतो. कथेत मातीची भिंत आहे. आज आपण जो असदगड पाहतो, त्याचं नाव औरंगजेबाच्या काळातल्या असदखानावरून आलं आणि त्याचं बांधकाम १६९७ सालचं. कथा त्याच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मग कथेने काय लक्षात ठेवलं आणि काय सोडलं? आपल्या म्हणण्याला अडचणीची ठरणारी गोष्ट मुलाने स्वतःहून मांडली, की तो निबंध विचार करायला लागला असं समजा.

पाचव्यात शेवट. इथे बोध लिहायचा नाही. ‘बरं मग?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं : हे सगळं पाहिल्यावर कथेबद्दल आता मला काय वाटतं, जे आधी वाटत नव्हतं?

यानंतर मोठी कथा घेता येते. आपल्याकडे ती आहेच, रुक्मिणीहरणाची. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात. कृष्णाने तिला अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं, असं अमरावतीकर सांगतात. इथे श्रद्धा गुंतलेली असते, म्हणून शिक्षकही बिचकतात. ‘नेमकं कुठून नेलं’ या वादात पडायचं कारण नाही. विचारायचं एवढंच : या कथेला ‘हरण’ काऊन म्हणतात?

भागवताच्या दहाव्या स्कंधात रुक्मिणी स्वतः एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवते. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाणार आहे, ही वाटही तीच सुचवते. म्हणजे बेत तिचाच. सातवीतलं मूल इथून म्हणणं मांडू शकतं : ‘हरण हा शब्द या कथेला अपुरा आहे.’ मग चौथ्या परिच्छेदातला ‘पण’ : तिचा भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी लावणार होता, तो कृष्णामागे लढायला धावला, त्याच्या बाजूने पाहिलं तर ते हरणच. शब्द कुणाच्या बाजूने उभा आहे, हे मुलाला दिसलं. देवाचा अपमान झाला नाही, आणि कथा पहिल्यापेक्षा बारकाईने वाचली गेली.

तपासताना एक पथ्य पाळा. पहिल्या निबंधात शुद्धलेखनाआधी ‘म्हणणं’ शोधा आणि त्याखाली रेघ मारा. सापडलं नाही, तर गुण कापण्याआधी मुलाला तोंडी विचारा. पुष्कळदा ते बोलण्यात असतं, फक्त कागदावर उतरलेलं नसतं. ते वऱ्हाडीत आलं तर आधी तसंच लिहू द्या, प्रमाण मराठी दुसऱ्या खर्ड्यात करू.

सरावाला चिखलदरा घ्या. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, आणि त्याचंच पुढे चिखलदरा झालं, असं सांगतात. दरीला राक्षसी बळाची कथा काऊन लागली असेल? मुलांना विचारून पाहा.

त्या मुलीच्या प्रश्नाला आमचं उत्तर आता तयार आहे. आजी खोटं सांगत नाही. ती कथा सांगते. तिची कथा रेघेच्या डावीकडे लिही, बाई, आणि उजवीकडे तुझं म्हणणं. वही एकच आहे.