सुट्या अणूची कामगिरी

मोटारीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत एक डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचे बारीक कण. विषारी कार्बन मोनॉक्साइड तिथे ऑक्सिजनशी जोडला जातो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. धातू फक्त ही गाठ घालून देतो, स्वतः खर्ची पडत नाही. म्हणून तो उत्प्रेरक.

पण बुंदीच्या लाडवातल्या आतल्या कळ्यांना हवा लागत नाही, तसे कणाच्या पोटातले अणू वायूला भेटतच नाहीत. मोलाचा धातू नुसता दबून राहतो. लाडू फोडून कळी न् कळी सुटी मांडली तर?

२०११ मध्ये चीनमधील दालियन येथे ताओ झांग यांच्या गटाने हेच केले. लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे अणू एकेकटे बसवले. वजनाने प्लॅटिनम अवघे ०.१७ टक्के, तरी कार्बन मोनॉक्साइडचा निकाल लावण्यात ते तरबेज ठरले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक अणू उजळ ठिपक्यासारखा वेगळा दिसत होता.

अणू सुटा करण्यापेक्षा सुटा ठेवणे कठीण. उष्णता वाढली की अणू सरकतात, एकमेकांना बिलगतात, लाडू पुन्हा वळला जातो. या अडचणीवर २०१६ मध्ये तोड निघाली ती न्यू मेक्सिको विद्यापीठात, मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या अभय दात्ये यांच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या गटाने ८०० अंश सेल्सिअसची धगच कामाला लावली. हवेत इतके तापवल्यावर प्लॅटिनम वाफेच्या रूपात उडते; सेरियम ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या अणुएवढ्या पायऱ्या त्याला अडकवून धरतात. ज्या उष्णतेने कण गोळा व्हायचे, तिनेच अणू जागच्या जागी रोवले गेले.

पाण्यातल्या प्रदूषणावरही हाच मार्ग चालतो, तोही प्लॅटिनमविना. २०१८ मध्ये नायट्रोजनमिश्रित ग्राफीनवर कोबाल्टचे सुटे अणू बसवून, पेरॉक्सीमोनोसल्फेट या ऑक्सिडीकारकाच्या साह्याने प्लॅस्टिक-उद्योगातील बिस्फेनॉल-ए पाण्यात मोडून दाखवले गेले. तिथे कामाची वाटणी आहे: शेजारचा नायट्रोजन प्रदूषकाला धरून ठेवतो, कोबाल्ट ऑक्सिडीकारकाला चेतवतो.

प्रयोगशाळेतले पाणी स्वच्छ आणि प्रदूषक एकच असतो. कारखान्याच्या सांडपाण्यात क्षार, गाळ, शेकडो रसायने एकत्र येतात आणि त्यात धातूचा अणू सुटून वाहून गेला, तर नवेच प्रदूषण. म्हणून या उत्प्रेरकाची खरी परीक्षा वेगावर नाही, टिकण्यावर व्हायला हवी: महिनोन्‌महिने, खऱ्या सांडपाण्यात.