रिजेक्ट, रिवर्क, रिपेअर, रिटर्न

चाकण, भोसरी किंवा तळवड्यातल्या कुठल्याही कारखान्यात शिरा. गेटवरच्या वहीत नाव लिहून सेफ्टी शूज चढवेपर्यंत समोरच्या भिंतीवर ‘फाइव्ह एस’चा फलक दिसतोच. सॉर्ट, सेट इन ऑर्डर, शाइन, स्टँडर्डाइज, सस्टेन. मूळचे शब्द जपानी: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. रोमन लिपीत हे पाचही एसनेच सुरू होतात, म्हणून इंग्रजीतही एसचेच शब्द शोधून आणले. शित्सुके म्हणजे शिस्त. डिसिप्लिनला एस कुठून आणणार, तर तिथे सस्टेन बसवला. नुसत्या मांडणीसाठी ‘सेट इन ऑर्डर’ एवढं लांबण लागलं तेही एसपायीच.

एमचीही तीच तऱ्हा. दोषाचं मूळ शोधायला काओरू इशिकावा यांची माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढतात. तिच्या काट्यांवर मॅन, मशीन, मटेरियल, मेथड, मेजरमेंट इथवर ठीक असतं. मग ऊन, धूळ, दमटपणा यांची पाळी येते. तिथे सरळ एन्व्हायर्न्मेंट लिहायचं सोडून काही ठिकाणी ‘मदर नेचर’ लिहितात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहून कुणाला निसर्गमाता आठवत असेल, देव जाणे.

ही ओढाताण मला हास्यास्पद वाटते, आणि तरी मी तिच्याच जोरावर शिकवतो. एका मशीनिंग व्हेंडरकडे क्वालिटीचं काम बघतो. अप्रेंटिसची नवी बॅच आली की सुरुवातीचा वर्ग माझ्याकडे. मुलं लातूर, बीड, परभणी, यवतमाळकडची. आयटीआयचा फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेड केलेली, खराबवाडी-महाळुंगे-निघोज्यात चौघांत एक खोली घेऊन राहणारी. इंग्रजी सगळ्यांना पहिलीपासून होतं. तो निर्णय 2000 सालचा. हवेलीचे आमदार प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. चिंचवडच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. पहिलीपासूनच्या त्या इंग्रजीमुळे मुलांना अक्षर वाचता येतं, स्पेलिंग जमतं. पण ड्रॉइंगवरची टीप वाचून झाल्यावर पीसचं काय करायचं, ते त्यातून येत नाही.

म्हणून आम्ही शब्द अक्षराच्या गठ्ठ्यानं देतो. याचा फायदा पाठांतराचा. चार शब्द आठवले आणि पाचवा अडला, तरी तो कुठल्या अक्षराचा हे ठाऊक असतं, आणि थर्ड शिफ्टला पहाटे चारच्या सुमाराला तेवढा आधारही पुरतो. मुदा, मुरा, मुरी हे तीन तर मुलं गाण्यासारखे म्हणतात: फुकट जाणारं, कमी-जास्त होणारं, ताण देणारं. ‘मुदा’चा उच्चार हमखास ‘मुद्दा’ असा करतात, आणि मी तो दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही.

सॉर्टला मात्र जपावं लागतं. फलकावरच्या सॉर्टचा अर्थ लागणाऱ्या वस्तू ठेवा, न लागणाऱ्या हलवा. आमच्या पट्ट्यात ‘सॉर्टिंग’ म्हणजे वेगळंच प्रकरण. कस्टमरच्या लाइनवर एक खराब पीस सापडला की फोन येतो, ‘सॉर्टिंगला माणसं पाठवा’, आणि मग त्यांच्या स्टोअरमध्ये उकिडवं बसून अख्खा लॉट एकेक करून तपासायचा. हेच काम करणाऱ्या एजन्सीही इथे आहेत. फाइव्ह एसचं पाठांतर करून आलेला मुलगा पहिल्यांदा सॉर्टिंगला गेला की झाडू शोधतो.

खरी कसोटी आरची. रिजेक्ट, रिवर्क, रिपेअर, रिटर्न. चौघांची सुरुवात सारखी, आवाज सारखा, आणि मशीनच्या खडखडाटात ‘रि’च्या पुढचं काहीच ऐकू येत नाही. इथे अक्षर आठवून उपयोग शून्य. उलट अक्षरच घात करतं. पाठ म्हणून दाखवणारा हुशार मुलगासुद्धा पीस हातात घेऊन विचारतो, “सर, हा रिवर्कला टाकू की रिजेक्टला?” लाल बिन आणि पिवळा बिन यांच्यामध्ये हात तसाच थांबलेला.

याचा धडा आमचे सेटर मामा माझ्यापेक्षा बरा देतात. समजा बोअर 25 एच 7 आहे. म्हणजे व्यास 25.000 मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि 25.021 पेक्षा जास्त नको. मधली जागा 21 मायक्रॉनची. प्लग गेजची गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो बाजू जाता कामा नये. मामा मुलाच्या हातात गेज देतात. गो अडला. “भोक लहान आहे. मटेरियल शिल्लक आहे ना? मग पिवळ्यात टाक, परत मारून घेऊ.” दुसरा पीस, यात नो-गोसुद्धा सरकन आत. “मटेरियल गेलं. आता कुठून आणणार? लाल.” मग एक शाफ्ट उचलून देतात आणि मुलगा गोंधळतो, कारण इथे सगळं उलटं: जाड असला तर रिवर्क, बारीक झाला तर रिजेक्ट. मामा पुन्हा तेच विचारतात, “शिल्लक आहे का?” या सगळ्या धड्यात ते आरचा एकही शब्द उच्चारत नाहीत. मुलगा मात्र तिथून पुढे दोन्ही शब्द बरोबर वापरायला लागतो.

रिपेअरला याहून वेळ लागतो, कारण घराघरात तो शब्द आधीच रुळलेला. मोबाइल रिपेअर, पंखा रिपेअर. आमच्याकडे रिवर्क केलेला पीस पुन्हा ड्रॉइंगप्रमाणे होतो. रिपेअर केलेला वापरायला चालतो, पण ड्रॉइंगप्रमाणे होतोच असं नाही. कास्टिंगमधलं ब्लोहोल वेल्डिंगनं बुजवलं, तर ते रिपेअर. म्हणून वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 या मानकात रिपेअरला हात लावण्याआधी कस्टमरची मंजुरी सक्तीची आहे. न विचारता बुजवलेलं एक ब्लोहोल उघडकीला आलं, तर पुढचे कितीतरी दिवस ईमेलची उत्तरं देण्यात जातात. रिटर्न तेवढा सोपा. तो ट्रकमधून परत येतो, सोबत डेबिट नोट असते आणि अकाउंट्सवाल्यांचा चेहरा बघून सगळ्यांना कळतो.

सीमध्येही अशीच एक जोडगोळी आहे, करेक्शन आणि करेक्टिव्ह ॲक्शन. पीसच्या कडेला धातूची बारीक बर राहिली, ती घासून काढली, हे करेक्शन. ती का राहिली ते शोधून टूल बदलायची वेळ ठरवून दिली, ही करेक्टिव्ह ॲक्शन. ऑडिटरला देण्याच्या फॉर्मवर दोन्ही रकान्यांत ‘बर काढली’ असं लिहिलेलं मी इंजिनिअरांकडूनही पाहिलंय, तेव्हा अप्रेंटिसला काय बोलणार.

म्हणून वर्गात आता एस आणि एम फळ्यावर शिकवतो. आर शिकवायला सगळ्यांना लाइनवर नेतो आणि बिनांसमोर उभं करतो. पुढच्या बॅचसाठी बीची यादी चालू आहे: बर, बोअर, बुश, बॅच, बिन, ब्लोहोल. ब्रेकडाउन त्यात घ्यायचा की नाही, यावर मेंटेनन्सवाल्यांशी वाद आहे. त्यांचं म्हणणं, तो शब्द शिकवायला वर्ग कशाला हवा, पोरं पहिल्याच शिफ्टला शिकतात आणि मशीन बंद पडलं की चहाला जातात.