बैठक बोलावण्यापूर्वी



‘वर्कशॉप’ म्हटले की आम्हां कामगारांना लेथ आठवतो, आणि सुशिक्षितांना फळा, खुर्च्या व चहा. दोन्हीकडे नियम मात्र एकच: काय घडवायचे ते ठरल्यावाचून काम सुरू करू नये.

हे मी चुकून शिकलो. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका तरुणाची दोन बोटे गेली. मी व्यवस्थापक, सुपरवायझर व कामगार मिळून चाळीस जणांची दिवसभराची बैठक बसवली. विषय ‘सुरक्षितता’. सकाळी भाषणे झाली, दुपारी दोषारोप, संध्याकाळी आभार. दुसऱ्या दिवशी प्रेस होती तशीच चालू झाली.

दुसऱ्या खेपेस विषयाऐवजी प्रश्न ठरवला: प्रेसमध्ये हात सापडू नये म्हणून काय बदलायचे, आणि कोणत्या तारखेपर्यंत? माणसे बोलावली बाराच. पण त्यांत खर्च मंजूर करणारा होता, मेंटेनन्सचा फिटर होता आणि बोटे गमावलेला तरुणही होता. आठवडाभर आधी प्रत्येकाला एकेकटे भेटलो. तेव्हा कळले की संरक्षक जाळी हलगर्जीपणाने काढली जात नव्हती. तिच्यामुळे माल अडकत होता आणि मजुरी नगावर होती. हे चारचौघांत कोणी बोलले नसते.

बैठकीत प्रथम चार-चार जणांचे गट केले. साहेबांनी शेवटी बोलावे असे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घेतले. जाळी नेमकी कुठे अडते, ते त्या तरुणानेच दाखवले. शेवटचा तास केवळ फळ्यासाठी राखला होता: काम, नाव, तारीख. जाळी सुधारायची, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये अशी योजना करायची, आणि ती बसेपर्यंत नगाचा आकडा कमी ठेवायचा. महिन्याने पुन्हा बसायचे, तेही तिथेच ठरले.

यात नवे काही नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, त्या नुसते गाऱ्हाणे सांगून उठल्या नाहीत. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मोजक्या मागण्या सह्यांनिशी कागदावर उतरल्या. सुट्टी मिळायला १८९० चा जून उजाडला. पण काय मागितले आहे, याविषयी सहा वर्षांत संदिग्धता राहिली नाही.

म्हणून बैठक बोलावणाऱ्याने स्वतःला आधी एवढेच विचारावे: उद्या सकाळी यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला यातून काय वेगळे दिसेल? उत्तर नसेल, तर बैठक पुढे ढकलावी.